बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

राजुऱ्याजवळच्या त्या गावात पोर जन्मलं की ताराबाईला बोलावणं यायचंच. आई-लेकराला तेल लावून चोळणं, न्हाऊ घालणं, शेक देणं, सगळं तिच्याच हातचं. बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरू द्यायचा नाही, यावर ती अडून बसायची. खिडकीला गोधडी, दाराच्या फटीत चिंध्या.

तिची सून साधना बाळंत झाली ती ऐन पौषात. लाकडं ओली होती, म्हणून साधनाच्या नवऱ्याने, मनसारामने, दगडी कोळसा आणला. ताराबाईने तो अंगणात फुलवला, धूर निघून गेल्यावर शेगडी खाटेखाली सरकवली आणि दार ओढून घेतलं.

दुपारी साधना म्हणाली, "आई, डोकं लय दुखून राह्यलं. मळमळते बी."

"ओली बाळंतीण हायेस तू, दुखनारच. झोप जराशीक."

ताराबाई बाळाचे कपडे धुऊन आली, तर हाकेला ओ नाही. आत धूर नव्हता, जळका वासही नव्हता. साधना मात्र निपचित पडलेली, बाळाची मान लुळी. ताराबाई किंचाळली. मनसाराम धावला, दोघांनी मिळून त्यांना अंगणात आणलं. मोकळ्या हवेत बाळ आधी कण्हलं, मग रडलं. साधनाने डोळे उघडले ते दवाखान्यात, ऑक्सिजन लावल्यावर.

"बंद खोलीत कोळसा जळला की हवा विषारी होते, आजी," डॉक्टरीण म्हणाली. "तिला ना रंग, ना वास."

घरी आल्यावर ताराबाई बाळाला हात लावेना. तेलाची वाटी घ्यायची नि ठेवून द्यायची. शेवटी साधनानेच बाळ तिच्या मांडीवर दिलं. "चोळा न आई. तुमच्याबिगर कोन चोळन याले?" तेव्हा कुठे ताराबाईला रडू फुटलं.

पुढे गावातल्या लहानूची बायको बाळंत झाली, तेव्हा त्याच्या घरून बोलावणं आलं. ताराबाईने आधी शेगडी उचलून अंगणात नेली आणि खिडकी उघडली. लहानूची माय चिडली, "पोराले हवा लागन न! तूच त सांगे."

"सांगत होती. चुकली मी, बाई. माह्या घरचे दोन जीव जाता जाता राह्यले. गोधड्या आन, दोघाले चांगलं गुंडाळतो."

काही घरांनी तिला बोलावणं सोडलं. जी बोलावतात, तिथे आता साधनाही सोबत जाते. कुणी जास्तच वाद घातला, तर सासूआधी तीच बोलते.