सर्ट्रालिन, सकाळी एक

माझं पोस्टिंग काश्मीरमधल्या फील्ड हॉस्पिटलात होतं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधली कॅप्टन, वय एकोणतीस, अक्कल बेताची. इस्त्री युनिफॉर्मपेक्षा मानेला जास्त. मनाच्या दुखण्याची औषधं दुबळ्यांसाठी असतात, असं माझं ठाम मत होतं.

त्या सकाळी ०९१५ ला दोन जखमींना घेऊन आमची ॲम्ब्युलन्स निघाली. ड्रायव्हर नाईक सुखदेव, आमच्या चांदवडकडचा.

"मॅडम, रस्ता लय खराब हाय. धरून बसा."

०९४० ला स्फोट झाला. सुखदेवच्या छातीत तुकडा घुसला. तरी त्याने दरीच्या कडेला गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर कलंडला.

वायरलेसवर विचारणा झाली. "कॅज्युअल्टी सांगा. ओव्हर."

"दोन पेशंट जिवंत. ड्रायव्हर गेला. ओव्हर."

माझा आवाज थरथरला नाही, याचाच मी वेडी पुढे कित्येक वर्षं तोरा मिरवला. रिटायर होऊन नाशकात आले, तरी कुणी हँडब्रेक ओढला की माझे हातपाय गार पडत. सुखदेवच्या गावाहून दर स्मृतिदिनाला बोलावणं यायचं. माझा गुडघा नेमका त्याच दिवशी दुखायचा. शेवटी त्याच्या आईचा फोन आला.

"बाई, शेवटी तुम्हीच व्हत्या त्याच्याजवळ. मी हाय तोवर येऊन सांगून जा."

मी मिलिटरी हॉस्पिटलातली मानसोपचार ओपीडी गाठली. डॉक्टर मेजर होती, माझ्या सुनेच्या वयाची.

"एका दिवसापुरती झोपेची गोळी दे. जाऊन येते."

"मॅडम, तिची सवय लागेल, दुखणं तसंच राहील."

तिने दोन औषधं सुचवली. व्हेन्लाफॅक्सिनने माझं बीपी आणखी चढलं असतं. सर्ट्रालिनने आधी मळमळणार, गुण यायला काही आठवडे लागणार, सोबत समुपदेशनही हवंच.

"आणि सुखदेव पुसला गेला तर?" मी विचारलं.

"तो राहील. धडकी कमी होईल."

मी सर्ट्रालिन निवडली. पहिले दहा दिवस पोटात मऊ भातही ठरेना. रोज सकाळी डॉक्टरला शिव्या घालून गोळी घेतली. एकही चुकवली नाही.

स्मृतिदिनाला गावात गाडी थांबली. हँडब्रेक करकरला. छाती धडधडली, पण मी उतरले.

आईंना सगळं सांगितलं. दरीच्या कडेला त्याने गाडी कशी थांबवली, तेही.

"बैलगाडी थांबवता येत नव्हती त्याला," त्या म्हणाल्या. "दोनदा बांधावर घातली व्हती."

आम्ही दोघी हसलो. मग मी स्मारकापुढे ताठ उभी राहिले आणि सॅल्यूट केला. नाईक सुखदेव, ड्रायव्हर. त्याच्या गाडीतले दोघंही आज आजोबा आहेत.