गुणाजींच्या नंबरावरचा गणपती

रोह्याची मृणाली रोज सकाळच्या गाडीने पेणला यायची, दाजींच्या गणपतीच्या कारखान्यात. सत्त्याण्णव साली दाजींनी तिथे कॉम्प्युटर आणला, आणि शाडूची धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर जुनं लुगडं घातलं. देव उघडे, मशीनला पांघरूण!

त्याआधी रीत सोपी होती. ज्याचा गणपती, त्याने आपला पाट आणून द्यायचा. पाटाखाली खडूने नाव, आणि मूर्ती त्याच पाटावर घडायची. मूर्ती आणि माणूस यांची ताटातूट व्हायला जागाच नव्हती. पण पाटांनी पडवी भरून जायची, म्हणून दाजींनी पाट घेणं बंद केलं.

मृणालीने मशीनमध्ये दोन फायली केल्या. एकीत गिऱ्हाइकं, दुसरीत मूर्ती. मूर्तीपुढे गिऱ्हाइकाचं नाव नाही, नुसता त्याचा नंबर. या दोघींचं काही नातं आहे हे मशीनला ठाऊकच नसतं. ते जपायचं काम तिचं. मूर्ती चढवताना तो नंबर खरंच कुणाचा आहे का, हे तपासायची सोय तिने प्रोग्रॅममध्ये घातली होती. गिऱ्हाईक काढताना त्याची मूर्ती मागे उरते का, हे तपासायची घातली नव्हती. गणपतीचं गिऱ्हाईक कोण काढतो? ते बापानंतर मुलगा, असं येतच राहतं.

आषाढात खांब गावचे गुणाजी वारले. मूर्ती ते आधीच निवडून गेले होते. दाजी म्हणाले, "यंदा त्यांच्या घरात दुखवटा. कसला आणतायत गणपती! नाव काढ. नि तो नंबर दुसऱ्याला दे, रिकामं काय ठेवू नको."

मृणालीने नाव काढलं आणि तो नंबर मुंबईच्या एका व्यापाऱ्याला दिला. गुणाजींची मूर्ती मूर्तींच्या फायलीत त्या नंबरावर तशीच बसलेली. बसल्या जागी तिचा धनी बदलला. टेम्पो भरला तेव्हा व्यापाऱ्याच्या ढीगभर मूर्तींत एक जास्त गेली, ती कुणाच्या ध्यानात येणार?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी गुणाजींची बायको बायजा आली.

"ह्यांनी निवडलेला दे गो पोरी. कान जरा मोठे हायत त्याचे. आमच्या घरात गणपती कधी चुकला नाय, नि ह्यांच्या हातचा तर हा शेवटचाच."

मृणालीने मशीनमध्ये शोधलं, तर मूर्ती व्यापाऱ्याच्या नंबरावर. तिने व्यापाऱ्याला फोन लावला. मूर्ती विकून गेली होती. कुणाला, ते त्यालाही सांगता येईना.

"काकी, मी काकांचं नाव काढलं. मूर्ती राहिली, ती दुसऱ्याच्या नंबरावर गेली."

"माणूस मेला म्हणून घर पण मेलं काय गो?"

दाजी पुढे झाले. "वैनी, ही दुसरी न्या. त्याच्यापेक्षा झ्याक हाय."

"दाजी, तुमची बायको हरवली, नि कुणी दुसरी झ्याक आणून दिली, तर गप ऱ्हाल व्हय?"

रंगारी हसले आणि लगेच गप्प झाले, कारण बायजा रडत होती.

घरचा गणपती चुकवायचा कसा? हाताशी होती ती मूर्ती तिने घेतली. एरवी बायका आधी मूर्तीचे डोळे बघतात, मग घरी नेताना तिच्या तोंडावर रुमाल टाकतात. बायजाने आधीच रुमाल टाकला.

"काकी, बघा तरी."

"काय बघू? हा कुणाचा हाय ते मला ठावं नाय."

ती गेल्यावर मृणालीने राहिलेली सोय प्रोग्रॅममध्ये घातली. एकेक नाव काढून बघायला लागली, आणि मशीन अडवायला लागलं: याची मूर्ती आहे, नाव काढता येत नाही. छान चाललं. मग तिने गुणाजींचं नाव नव्या नंबराने परत चढवलं आणि तेही काढून बघितलं. त्या नंबरावर मूर्ती नव्हती. मशीनने अडवलं नाही.