पुडीवरचा प्रश्न

"थांबा, थांबा. पुडी कुठं पळून चालली? आधी एक सांगा."

एवढं म्हणून बाई पुडी मागं ओढायच्या. उजव्या हातात झारा, डाव्या हातात गरम फुटाण्याची पुडी. गिऱ्हाइकाचा हात तसाच पसरलेला. मग पुडीच्या कागदावर छापलेला प्रश्न मोठ्यानं वाचायच्या. उत्तर आलं तरी फुटाणे मिळायचे, नाही आलं तरी मिळायचे. पण प्रश्न ऐकल्याशिवाय सुटका नव्हती.

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली त्यांची भट्टी. तिच्या शेजारी माझं सायकलचं दुकान. पंक्चर काढायचं, हवा भरायची, पन्नास वर्षं हेच काम. समोर माडीवर पोरापोरींची अभ्यासिका. गावोगावची लेकरं तिथं दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसायची आणि संध्याकाळी फुटाण्याला खाली उतरायची. तेव्हा जी जत्रा भरायची, ती तुम्ही पाहायला पाहिजे होती!

"कोणत्या प्राण्याला तीन काळजं असतेत?" बाईंनी एकदा विचारलं.

"माझ्या सासूला," रिक्षावाला म्हणाला. "एक बी आमच्यासाठी न्हाई."

सगळे हसत असताना डॉक्टरकीचा अभ्यास करणारी एक पोरगी ओरडली, "ऑक्टोपस! आणि त्याचं रक्त निळं असतं, मावशी."

"निळं? खरंच निळं?" बाईंच्या हातातला झारा थांबला. "अगं बाई, शाईवानी?" त्या निळ्या रक्ताच्या नादात कढईतले फुटाणे काळे झाले. ते काळे फुटाणे त्या दिवशी सगळ्यांनी फुकट खाल्ले आणि कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या एका दिवशी सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो, असा प्रश्न निघाला. कुणीतरी सांगितलं, आठ मिनिटं. बाई भट्टी सोडून उठल्या, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, उन्हात हात पसरला आणि मला म्हणाल्या, "म्हणजे हे आत्ताचं न्हाई! मामा, आपण शिळं ऊन खाऊन राहिलो बगा!"

ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषा बोलतात हे कळलं, तेव्हा मात्र त्यांनी झारा खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "आन् त्यांची आपली भाषा कुठं गेली?"

लोकांना वाटायचं, बाई सगळ्यांची परीक्षा घेतात. मलाही तसंच वाटायचं, आणि मनातून राग यायचा. सातवी शिकलेली बाई माणसाला प्रश्न विचारते म्हणजे काय? एक दिवस मी बोललोच, "सगळं ठाऊक असून लोकांना कशाला छळता?"

बाई हसल्या. "मला कुठं ठाऊक हाय? मामा, हे रद्दीतलं कागद हायेत. परीक्षेच्या पुस्तकात उत्तरं शेवटी असतेत. ती पानं लेकरं आधीच फाडून टाकतेत, चोरून बघायचा मोह नको म्हणून. माझ्याकडं येतेत ते निस्ते प्रश्न."

मग त्यांनी गोणपाटाखालून एक वही काढली. प्रश्न, त्यासमोर उत्तर आणि उत्तरापुढं सांगणाऱ्याचं नाव. ऑक्टोपसपुढं त्या पोरीचं नाव होतं. "ज्यानं दिलं त्याचं नाव नको का?" त्या म्हणाल्या.

वहीत माझं नाव कुठंच नव्हतं. मी चौथी शिकलेला माणूस. पण "माहीत नाही" हे शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. अडलं की मी म्हणायचो, "हे तर सोपं आहे, लेकरांना विचारा," आणि ट्यूब पाण्यात बुडवायचो.

एका संध्याकाळी पुडीवर प्रश्न निघाला, हवेत सगळ्यात जास्त कोणता वायू असतो? बाई सरळ माझ्याकडं वळल्या. "हे तुमचं, मामा. हवेचं हवावाल्यालाच इचारावं."

माझी छाती फुगली. "प्राणवायू," मी म्हणालो. "नाहीतर जगलो असतो का?"

बाजूचा एक विद्यार्थी म्हणाला, "मामा, नायट्रोजन."

"किती सायकलींत हवा भरलीस रे तू?" मी कडाडलो. "पन्नास वर्षं भरून राहिलो, ती हवा तू मला शिकवतोस?"

पोरगा हसून निघून गेला. बाईंची पेन्सिल क्षणभर थांबली. मग त्यांनी लिहिलं: प्राणवायू. पुढं लिहिलं: हवावाले मामा.

त्या वर्षी गणपतीत मंडळानं सामान्यज्ञानाची स्पर्धा ठेवली. कुणीही उतरावं. पहिलं बक्षीस पृथ्वीचा गोल. बाईंनी तो टेबलावर पाहिला आणि त्यांचे डोळे तिथंच राहिले. "मामा, इतक्या देशांची नावं लिहिली, पण ते कुठं हायेत ते कधी बघितलं न्हाई. तो गोल मला पाहिजे."

आणि काय उत्तरं दिली बाईंनी! राजधान्या, नद्या, शेअर बाजारात तेजीला बैल का आणि मंदीला अस्वल का म्हणतात, सगळं. मांडवात शिट्ट्या वाजत होत्या. शेवटी राहिले दोघं, बाई आणि बँकेतून रिटायर झालेले एक साहेब. शेवटचा प्रश्न आला.

हवेत सगळ्यात जास्त कोणता वायू?

बाईंनी गर्दीत मला शोधलं, हसल्या आणि माईकवर खणखणीत म्हणाल्या, "प्राणवायू! आमच्या हवावाल्या मामांनी सांगितलंय."

मांडव हसला. साहेब म्हणाले, नायट्रोजन. गोल त्यांना मिळाला.

बाई खाली उतरण्याआधी साहेबांना म्हणाल्या, "एकदा फिरवू का?" गोल फिरवला, बोटानं थांबवला, ब्राझील शोधला, त्यावर बोट ठेवलं आणि उतरल्या. मी म्हणालो, "परीक्षकाचं चुकलंय." त्यांनी नुसती मान हलवली.

तीन दिवस मी भट्टीकडं पाहिलं नाही. चौथ्या दिवशी अभ्यासिकेची माडी चढलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ऑक्टोपसवाल्या पोरीनं पुस्तक उघडून दाखवलं. हवेच्या शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन. जन्मभर मी तोच भरत आलो होतो!

खाली येऊन भट्टीपुढं उभा राहिलो. "बाई, नायट्रोजनच. मला माहीत नव्हतं."

"तीन शब्दांना तीन दिवस?" त्यांनी पुडी भरली. मागं ओढली नाही, सरळ हातात दिली. "घ्या. गरम हाय."

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांना धूर सोसेना झाला. लेक धबधब्याजवळच्या इस्लापूरला दिली आहे, ती येऊन घेऊन गेली. जाताना बाईंनी वही माझ्या हातात ठेवली. "लई प्रश्न कोरे हायेत, मामा. इथं लेकरं हायेत सांगायला. तिथं मी धबधबा बघत बसंन."

लिंबाखाली आता भट्टीचे तीन काळे दगड आहेत. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून चष्मा लावून वहीतलं हवेचं पान काढलं. 'प्राणवायू, हवावाले मामा' यावर आडवी रेघ होती. खाली लिहिलं होतं: नायट्रोजन. आणि त्यापुढं पुन्हा तेच: हवावाले मामा.

त्याच्या खालचा प्रश्न कोरा होता. मधमाशीला डोळे किती?

पेन्सिलीला टोक केलं. थांबत थांबत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: माहीत नाही. हवावाले मामा.

मग दुकान उघडंच टाकलं, वही काखेत घेतली आणि माडीच्या पायऱ्या चढायला लागलो.