बाबांचा पट्टा

राजापेठेतल्या घरी मी सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून चामड्याचं काम करतो. आमच्या हौशी कारागिरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी दोऱ्याला मेण लावायला सांगतं, कुणी कडा घासून गुळगुळीत करायला. तसं शिकत शिकत मी बाबांसाठी पट्टा केला.

ते अकोल्याहून आले आणि टेबलावरची रापी बघून थबकले. चामडं कापायचं हे हत्यार त्यांनी लहानपणी माझ्या आजोबांच्या हातात पाहिलं होतं.

"माह्या बापानं हे काम सोडलं, मले शाळेत टाकलं. अन् तू हौसेनं करून राहिला?"

मी पट्टा पुढे केला. त्यांनी तो कमरेला बांधला. माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवलं नाही.