जांभळाचा रंग

राहुलचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. “मावशी, आई गेली,” एवढंच म्हणाला. मी विचारलं, “भाऊजींना सांगितलंस?” तर म्हणतो, “बाबांना काय कळणार गं आता?” माझी थोरली बहीण सुमनताई पोटाच्या कॅन्सरने गेली, त्याला सात आठवडे झाले. पुण्यानुमोदनाला भंतेजी आले, त्रिसरण-पंचशील झालं, माणसं जेवली, आणि निघताना एकेक बाई माझ्या कानाशी येऊन तेच पुटपुटली, “एका अर्थी बरंच आहे बाई, त्यांना काही समजत नाही ते.” काय बरं आहे त्यात? एकेकीला हाताला धरून जिना उतरवून द्यावं असं वाटत होतं मला. पण चहाचे कप गोळा करत राहिले.

भाऊजी पाटबंधारे खात्यात होते. कुठला कागद कुठल्या फायलीत आहे ते जागचे न हलता सांगायचे. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी, बिबवेवाडीतल्या ज्या गल्लीत उभा जन्म काढला तिथेच दूध आणायला गेले आणि रस्ता चुकले. पुढे एकदा सकाळी ताई चहा घेऊन आली तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, “बसा ना. आपण कोण?” ताईने मला हे हसत हसत सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाली, “लता, बाकी सगळं विसरू देत गं. पेन्शन, पत्ता, पोरगं… सगळं. मला तेवढं विसरू नयेत.” तिला दुसरं काही नको होतं.

आणि मग तो मेसेज आला. येणारच! बेरी खा, म्हातारपणी मेंदू तल्लख राहतो, आतडी साफ राहतात, खाली गुलाबाचं फूल. राहुल खराडीला आयटीत. तो दर रविवारी ब्लूबेरीची डबी आणून टेबलावर ठेवायचा आणि अर्ध्या तासात निघायचा. आईबापांची सेवा झाली! डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, “खाऊ देत की, चांगलीच असतात. पण फळ म्हणून द्या, औषध म्हणून नाही.” ताईने पहिलं वाक्य घरी आणलं, दुसरं दवाखान्यातच ठेवून आली. थंडीत स्ट्रॉबेरी, मग तुती, उन्हाळ्यात करवंदं, पाऊस तोंडावर आला की जांभळं. मार्केट यार्डातून पिशव्या भरभरून आणायची, बिया काढून गर डब्यांत गोठवून ठेवायची, म्हणजे मोसम संपला तरी खंड पडायला नको. सकाळी वाटी पुढे ठेवायची आणि विचारायची, “अहो, सांगा बघू, मी कोण?” ज्या दिवशी “सुमन” म्हणायचे त्या दिवशी आठच्या आत मला फोन. वाईट दिवस मोजकेच राहिले होते हे खरं आहे. आता ते फळांमुळे, गोळ्यांमुळे, की रोज समोर बसून विचारणाऱ्या बाईमुळे, कुणास ठाऊक. निवडक टपोरी फळं त्यांना, आणि दबलेली, डागाळलेली, रस गळणारी ही ओट्यापाशी उभी राहून खायची. “टाकायची कशाला?” म्हणायची. आपल्याकडे बाईने उरलंसुरलं खावं, याला कुठल्या डॉक्टरला विचारावं लागत नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. गेल्या जूनमध्ये तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक. “लता, हसू नकोस हं. संडासला काळं होतंय गं. डांबरासारखं.” मी विचारलं, “जांभळं किती खातेस?” “उरतात तेवढी.” “मग काळंच होणार! केशरी व्हायला काय आंबे खातेस?” ती हसली. मीही हसले. दोघी खूप हसलो त्या दिवशी… मी तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. काळं होतंय म्हणजे आत कुठेतरी रक्त जात असू शकतं, हे मी शिकाऊ मुलींना शिकवलेलं आहे. परकी बाई असती तर उभ्या उभ्या तपासणीला पाठवली असती. सख्ख्या बहिणीला मी विनोद ऐकवला.

नर्स बहिणीने सांगितलं म्हटल्यावर तिने पुन्हा कुणाला विचारलंच नाही. जांभळं संपली तरी रंग तोच, तर म्हणे फ्रीजरमधल्या गराचा असेल. मग म्हणे राहुलच्या ब्लूबेरीचा. थकायला लागली, दोन जिने चढताना तीनदा बसायची. उतरलेला चेहरा बघून मीच म्हणाले होते, “बारीक झालीस गं, छान दिसतेस.” थंडीत स्वयंपाकघरात कोसळली तेव्हा कुठे रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, “इतकं कमी होईपर्यंत घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?” हॉस्पिटलात ती मला एका शब्दाने बोलली नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर उपकार झाले असते. घरातल्या एका मेंदूची आम्ही सगळ्यांनी एवढी काळजी घेतली, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या पोटात काय चाललंय ते कुणी विचारलं नाही. मला राहुलचा राग येतो, भाऊजींचाही येतो, आणि स्वतःची तर शिसारी येते.

आता मी रोज सकाळी शनिवार पेठेतून रिक्षाने बिबवेवाडीला जाते. तिने करून ठेवलेला गर अजून शिल्लक आहे. टाकवत नाही. परवा वाटी पुढे ठेवली तर भाऊजी वाटीकडेच बघत बसले. मग अगदी कचेरीतल्या सुरात म्हणाले, “सुमन गेली ना?”

मी विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायचं काय? मी होतो की इथे. राहुल म्हणाला, बाबा, तुम्ही बसून राहा. बसलो.” खिडकीकडे बघत म्हणाले, “रोज उठलो की आधी तेच आठवतं.”

मी चमचा हातात द्यायला गेले. त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला. रागाने नाही.

“हे नको आता. विसरायला होईल असं काही असेल, तर ते दे, लता.”