भिंत काऊन बांधली?

परवा धान कापलेल्या एका बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या शेतातून, मेंढ्यांच्या लेंड्यांचा वास आला आणि मास्तर म्हणून ब्रह्मपुरीकडची माझी पहिली शाळा आठवली. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी रंगात येऊन सांगत होतो, की मेंढ्या पाळत फिरणाऱ्या मंगोल घोडेस्वारांच्या धाकानं चीननं केवढी भिंत बांधली. पुढचे दोन दात पडलेली, कुरमार मेंढपाळाची लक्ष्मी उठली.

"भिंत काऊन बांधली, गुर्जी? मेंढ्या वावरात बसवाच्या, खत होते. बदल्यात धान द्याचं. आमाले शेतकरी देतेत ना!"

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो.

पुढे कधीतरी वाचलं, की कित्येक चिनी राजांनी अशा भटक्यांना धान्य आणि रेशीम देऊनच शांत ठेवलं होतं.

लक्ष्मीला मात्र मी "बस खाली" म्हटलं होतं.