पाठवणाऱ्याचं नाव

चोरी झालीय हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. पत्रकाचा मथळाही तयार होता: ‘कामगाराच्या पैशावर डल्ला, तेव्हाही आणि आताही’. इथले, सिंगापुरातले मजूर घरी पैसे पाठवतात त्यातून दलाल किती खातात, यावर मी पत्रकं काढते. जुना पुरावा हवा होता. म्हणून दर शनिवारी पुंगोलच्या घरातून निघायचं आणि लायब्ररीत मायक्रोफिल्मच्या मशीनसमोर बसायचं. दिवसभर एक शब्द बोलावा लागत नसे. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवरही बोट दाखवलं की जेवण मिळतं.

तिथं तो सापडला. एकोणिसाव्या शतकातला आपला माणूस. शिक्षा भोगायला बोटीनं इकडे आणलेला, सुटल्यावर इथंच पहारेकरी झालेला. कोकणात बायकोला त्यानं मनीऑर्डर केली, पोच आलीच नाही. कुणाकडून तरी अर्ज लिहून घेऊन त्यानं टपाल खात्याला विचारलं, माझे पैसे कुठं आहेत?

पुढच्या कागदांत कोकणातल्या टपाल कारकुनाचा शेरा निघाला. बाई हजर होती, पण पाठवणाऱ्याचं नाव सांगेना, म्हणून रक्कम दिली नाही. नियमच होता तसा, घेणाऱ्यानं नाव सांगायचं. मला ही सरळ थाप वाटली. पैसे कुणी पाठवले हे बाईला माहीत नाही?

त्याच तिरमिरीत बाहेर येऊन सांगलीला आईला फोन लावून सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“अगं, नवऱ्याचं नाव कसं घेईल ती? तुझी आत्या रेशनच्या दुकानात नाव सांगायला शेजारणीला न्यायची. तुम्ही काढा पत्रकं.”

म्हणजे चोर नव्हताच. नियम करणाऱ्या साहेबाला असली बाई ठाऊक नव्हती, आणि तिला गप्प बसायला शिकवणारे आपलेच. मथळा खोडला. राग काही गेला नाही, फक्त तो घेऊन जायचं कुठं ते कळेना.

पैसे सिंगापूरला परत आले. पहारेकऱ्यानं अंगठा उठवून ते घेतले. कारकुनाचा शेरा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. त्याला कळवलं ते एका ओळीत: बाईनं रक्कम घेतली नाही. शिक्षा झालेल्या माणसानं यातून काय समजायचं ते समजून घेतलं असणार.

त्यानंतर त्यानं घरी काही पाठवल्याचं मला सापडलेलं नाही. शनिवारी अजून जाते.